हेमलताची फेरआखणी

तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. मुरलीधर आचाऱ्याने जन्मभर पुष्कळ थापा मारल्या. हजार माणसांच्या पंगतीला आमटीत मीठ घालायचं विसरलो, तरी लोकांनी द्रोण चाटूनपुसून ठेवले, ही थाप तर मी इतक्यांदा मारली आहे की त्या आमटीची चवसुद्धा आता मला आठवते. पण आजची गोष्ट त्यातली नाही. माझी बायको हेमलता फाल्गुनात वारली. तुम्ही सगळे तिच्या मातीला आला होतात. आणि तीच हेमलता गेला महिनाभर माझ्या डोक्यात राहायला होती. चांगली सामानसुमानासह.

“दाजी, यंत्र कधीचं चार्ज झालंय. द्या ती हार्ड डिस्क.”

ही पुष्पलता, हेमाची धाकटी बहीण. माळेवाडीतलं हे अंगण हिचं, तुम्ही पिताय तो चहाही हिचाच. आणि त्या तुळशीपाशी चार पायांवर उभं आहे ते हिचं मोजणीयंत्र. शेळीएवढं आहे, डोक्याच्या जागी दुर्बीण, पोटात एक रिकामा कप्पा. शेतकरी बोलावतात, ही यंत्र घेऊन जाते, यंत्र बांधाबांधाने चालतं आणि हद्दी कायम करून देतं. त्या रिकाम्या कप्प्यात आज हेमा जायची आहे. हेमा म्हणजे माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ही पेटी, पोळ्यांच्या डब्याएवढी.

देतो गं पुष्पा. चहा तरी संपू दे लोकांचा.

“आचारी, म्हणजे वहिनी आता शेळीत राहणार?” भीमराव विचारताहेत. भीमराव, शेजारी म्हणून तुम्हाला विचारायचा हक्क आहे. पण शेळीत जाणं हा या गोष्टीतला सगळ्यात सोपा भाग आहे. त्याआधी ती कुठे कुठे अडकली होती ते ऐका.

हेमाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा इस्पितळाने सांगितलं की आधी मनाची नक्कल काढून ठेवा. आता ही सोय साधी झाली आहे, पण ती होते कशी हे पुष्कळांना माहीत नसतं. डोक्यावर एक टोपी घालतात. टोपीत तांदळाच्या दाण्याएवढे हजारो चुंबकी कान असतात. मेंदूत एक आठवण उठली की ती दुसरीला हाक मारते, दुसरी तिसरीला. कोण कुणाला किती जोरात हाक मारतं, एवढंच ते कान टिपत राहतात. माणसाने काही सांगायचं नाही, आठवायचं नाही. नुसतं निजून राहायचं. झोपेत आणि जागेपणी मिळून माणसाची सगळी आठवण एकदा तरी वर यायला आठ दिवस लागतात. आठव्या दिवशी जो हाकांचा नकाशा तयार होतो, तोच माणूस. म्हणजे बोलतो तसाच, चिडतो तसाच. तो नकाशा साठवायला ही असली अवाढव्य हार्ड डिस्क लागते, आणि ती माणशी एकच मिळते. दुसरी हवी असेल तर नाव नोंदवून वर्षभर थांबायचं.

आता माझी चूक सांगतो. डिस्क घरी आली ती कोरी. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, इस्पितळात आणण्यापूर्वी आपल्या उपकरणाला जोडून तयार करून आणा. माझ्या घरात माझं उपकरण म्हणजे कोणतं? मी आचारी माणूस. मुलीने स्वयंपाकघरात ते नवं एकत्र यंत्र बसवून दिलं होतं, भट्टी, फ्रिज, चिमणी, मिक्सर, सगळ्यांना मिळून एकच मेंदू. मी डिस्क त्याला जोडली. पडद्यावर काहीतरी लांबलचक आलं आणि खाली दोन बटणं आली, होय आणि नाही. मी होय दाबलं. तुम्ही कुणी आजवर ते वाचून दाबलं आहे का? खरं सांगा. मी एका हाताने होय दाबलं आणि दुसऱ्या हाताने कढीला फोडणी दिली.

हेमाची नक्कल त्या डिस्कवर निघाली. ऑपरेशन झालं आणि हेमा गेली. तेराव्यानंतर मी डिस्क घरी आणली, घरातल्या टीव्हीला जोडली. टीव्ही म्हणाला, ही डिस्क मला वाचता येत नाही. मोबाइलला जोडली. तो म्हणाला, ही कोरी दिसते, फॉरमॅट करू? मोबाइल ओढून काढला. शेवटी स्वयंपाकघरातल्या यंत्राला जोडली आणि चिमणीतून आवाज आला.

“अहो, इतका वेळ? आणि हा कांद्याचा वास कुठून येतोय मला?”

वास येत नव्हता तिला, फ्रिजच्या कॅमेऱ्यातून कांद्याची टोपली दिसत होती. सवयीने तिला वासही आठवला.

मी रडलो की हसलो ते विचारू नका. दोन्ही केलं. खुर्ची ओढून चिमणीखाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं, अगदी तिच्या मातीला कोण कोण आलं होतं तेसुद्धा. तिने विचारलं, “अमुक आला होता का? त्याची हद्द मी त्याच्या मनाविरुद्ध काढली होती.” मी म्हटलं, आला होता, आणि पुढे उभा होता. तेव्हा तिला बरं वाटलं.

आता हेमा कोण होती हे नव्या माणसांसाठी सांगतो. ती भूमापन खात्यात भूकरमापक. तेहतीस वर्षं खानापूर तालुक्यातली शेतं मोजली तिने. डोक्याला पंचा, पायात कापडी बूट, आणि भांडणारे दोन भाऊबंद दोन बाजूंना. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. घरात स्वयंपाक माझा, तिने चहासुद्धा कधी केला नाही. मी पंगतींवरून यायचो तेव्हा ती दौऱ्यावर, ती यायची तेव्हा मी लग्नाच्या मांडवात. संसार झाला आमचा, पण दाराच्या चौकटीत. एक आत येतंय, एक बाहेर निघालंय.

आणि अशी बाई मेल्यावर येऊन पडली कुठे? माझ्या स्वयंपाकघरात.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात तिने भट्टीचं झाकण आपटायला सुरुवात केली.

“तेहतीस वर्षं मी उन्हात उभी राहिले. आणि तुम्ही मला कांद्यासमोर उभं केलंत. मला इथून काढा.”

“कुठे जायचंय तुला?”

“कुठेही. मोबाइलात घाला, खिशात घालून फिरवा. गाडीत घाला. नाहीतर पुष्पीच्या मोजणीयंत्रात ठेवा. त्याला पाय आहेत.”

मी म्हटलं, ही डिस्क त्यांतलं कुणी वाचत नाही गं. का वाचत नाही, ते मला ठाऊक नव्हतं. ते मला तिनेच समजावलं, चिमणीतून. तिच्याच शब्दांत सांगतो, कारण याहून सोपं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

“कोरी डिस्क म्हणजे माळरान,” ती म्हणाली. “त्यावर काही ठेवायचं तर आधी आखणी करावी लागते. इथे बांध, इथे गट नंबर, आणि कुठल्या गटात काय आहे त्याचं एक दप्तर. त्या आखणीलाच फॉरमॅट म्हणतात. माती सगळीकडे सारखीच असते हो, पण कुणी गुंठ्यात मोजतं, कुणी आरमध्ये, कुणी जुन्या बिघ्यात. ज्या यंत्राला फक्त गुंठे कळतात त्याला बिघ्याचा नकाशा दाखवला तर त्याला शेत दिसतच नाही. तो म्हणतो, माळरान आहे. तुम्ही कढी ढवळत होय दाबलंत तेव्हा या चुलीने आपल्या मापाने आखणी केली. माझं शेत तेच आहे, पण नकाशा चुलीचा आहे.”

“मग नव्याने आखून घेऊ.”

“घ्या की. फक्त नवी आखणी करताना जुनं दप्तर फाडतात. माती राहते, पण कुठे काय पेरलंय हे सांगणारं कुणी राहत नाही. त्यातलं पीक म्हणजे मी.”

भीमराव, तुम्ही आता डोकं खाजवताय, तेव्हा मीही खाजवलं होतं. विट्यात स्टँडसमोर समीना तांबोळीचं डिस्क दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे गेलो. समीना हुशार मुलगी. पदवी मोठी, तोंड त्याहून मोठं.

ती म्हणाली, “मामा, एक जुनी आखणी आहे, ती झाडून सगळ्या यंत्रांना वाचता येते. पण तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी एक वस्तू मावत नाही. मामी एकसंध आहेत. त्या आखणीत घालायच्या तर त्यांचे लाखो तुकडे पाडावे लागतील.”

घरी येऊन हेमाला सांगितलं. चिमणी इतक्या जोरात सुरू झाली की भाजणीचं पीठ उडालं. “माझे पोटहिस्से करायचे नाहीत! जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांचे केले, त्यातून भांडणंच झाली.”

पुन्हा विट्याला. समीना म्हणाली, दुसरी एक सामाईक आखणी आहे, नवी, तिच्यात वस्तू कितीही मोठी चालते आणि चूल, गाडी, मोबाइल, मोजणीयंत्र, सगळ्यांना ती कळते. पण ती करायची तर आधी मामींना तात्पुरतं दुसरीकडे ठेवावं लागेल. एवढी मोठी दुसरी जागा हवी. डिस्क वर्षभर मिळत नाही.

“तालुक्यात एवढी मोठी जागा दुसरी कुठे आहे?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नव्हे, जरा वर. टकलाकडे.

“दाजी, हे सगळं मला ठाऊक आहे,” पुष्पा म्हणते आहे. “त्या आठ दिवसांत तुम्हाला पेज मीच भरवली.”

तुला ठाऊक आहे गं, यांना कुठे आहे? ऐकणाऱ्या माणसांना ताटकळत ठेवू नये. बस.

तर टोपी उलटीही चालते. कान असतात त्यांना तोंडंही असतात. डिस्कवरच्या हाका टोपी हळूहळू मेंदूला ऐकवत राहते, अगदी हलक्या चुंबकी टिचक्या मारून, आणि मेंदू त्या शिकतो. झोपेत कानावर पडलेलं गाणं सकाळी गुणगुणतो तसं. मेंदूत एका पेशीचे दुसरीशी जुळू शकणारे, पण आजवर न जुळलेले असे धागे पुष्कळ असतात. समीना म्हणाली, ती पडीक जमीन. घरी हे ऐकून हेमा म्हणाली, “तुमच्याकडे तर गावठाण सोडून सगळीच.”

पण समीनाने एक अट घातली, आणि ती तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतली. मेंदूची आखणी डिस्कसारखी पक्की नसते. मेंदू रोज झोपेत थोडे थोडे बांध फोडतो आणि शेजारची शेतं एक करत जातो. ते त्याचं कामच आहे, त्याशिवाय माणसाला शहाणपण येत नाही. म्हणून पाहुणा फार दिवस ठेवायचा नाही. पंचेचाळीस दिवस. त्याच्या आत पुन्हा टोपी घालून आठ दिवस निजायचं आणि मामींना डिस्कवर परत आणायचं. पंचेचाळीसच्या पुढे गेलं तर मामी आणि मामा वेगळे काढता येणार नाहीत. ना मामी राहतील, ना धड मामा. आणि परत काढताना तुमच्या डोक्यात त्यांची प्रत उरणार नाही, ती पुसावीच लागते. समजलं का?

समजलं, म्हटलं. तीनदा म्हटलं.

आठ दिवस निजलो. नवव्या दिवशी सकाळी डोळे उघडले आणि डोक्यात कुणीतरी म्हणालं, “अहो, तुमचे गुडघे इतके दुखतात? कधी बोलला नाहीत ते.”

मग फॉरमॅट मारायचा होता. समीनाने डिस्क जोडली, सामाईक आखणी निवडली, आणि पडद्यावर पाटी आली, यातील सर्व मजकूर कायमचा जाईल, पुढे जायचे का? होय, नाही. या वेळी मी वाचलं. पाच वेळा वाचलं. माझा हात पुढे जाईना. डिस्कवर होती तोवर हेमा दोन ठिकाणी होती. हे बटण दाबलं की ती जगात एकाच जागी उरणार होती, आणि ती जागा म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या आचाऱ्याचं टक्कल.

“दाबा,” आतून हेमा म्हणाली. “मी हद्दीचे दगड उपटताना कधी मागेपुढे पाहिलं नाही.”

दाबलं. दोन तास लागले. पट्टी भरत गेली आणि डिस्क कोरी झाली. सगळ्यांना चालेल अशी, स्वच्छ आखलेली, आणि आत कुणी नाही.

समीना म्हणाली, आता आठ-दहा दिवस डोक्याला विश्रांती द्या, मग या.

ते पहिले दिवस, भीमराव, मी शब्दांत सांगू शकणार नाही, तरी सांगतो. हेमाला बाहेर जायचं होतं, म्हणून मी चाललो. मी, ज्याने मांडवापासून भटारखान्यापर्यंतच चालणं केलं, तो रोज सकाळी माळावर. ती माझ्या डोळ्यांनी बघायची. “डावीकडे बघा, तो बांध सरकवलाय. खाली बघा, जुना दगड असेल.” वाकून माती उकरली तर खरंच दगड. मी एकटाच माळावर वाकून हसतोय हे पाहून लोक मुलीला फोन करायला लागले.

आणि घरी आल्यावर मी जेवायचो. आता नीट ऐका. तेहतीस वर्षांत हेमाने माझ्या हातचं गरम असं कधी खाल्लं नव्हतं. डबा. नेहमी डबा, बांधावर बसून, गार. त्या दिवशी मी साधं पिठलं केलं, तव्यावरून उतरलेली भाकरी घेतली, पहिला घास तोंडात घातला आणि ती आतून म्हणाली, आणखी एक घ्या. भाकरी संपेपर्यंत तेच. मग म्हणाली, “हे तुम्ही रोज असं करत होता?”

त्यानंतर मी काय केलं असेल? दहा दिवस झाले, समीनाचा फोन आला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतो, एक साखरपुडा आहे. पुढच्या आठवड्यात म्हटलं, गुडघा धरलाय. माळावर जाणंही कमी झालं, खरंच धरला होता गुडघा. खुर्चीत बसायचो. पुरणपोळी केली. सांजा केला. बासुंदी केली. एकेक चव तिला दाखवत गेलो.

“छान आहे,” ती म्हणायची. आणि मग, “उद्या समीनाकडे जायचं ना?”

“जाऊ की.”

“अहो, मला तुमचे विचार ऐकू येतात, हे विसरलात का? उद्या जाऊ म्हणताना तुम्ही परवाच्या मसाल्याचा विचार करताय.”

हसा, हसा. नवरा-बायकोत कुणाला काही लपवता येत नाही म्हणतात, ते माझ्या बाबतीत फारच खरं झालं. पण एक गोष्ट मला कळली होती, आणि ती तिलाही कळली होती. माझे विचार तिला ऐकू यायचे, पण माझे पाय तिला हलवता यायचे नाहीत. मी डोळे मिटले की तिला अंधार. मी खुर्चीत बसलो की ती खुर्चीत. स्वयंपाकघरात निदान चिमणी सुरू करता यायची तिला, झाकण आपटता यायचं. इथे तेही नाही.

“चुलीत होते तेव्हा तुम्ही मला अडकवलं नव्हतं,” एकदा ती म्हणाली. “ती चूक होती.” पुढचं बोलायची तिला गरज नव्हती, मलाही तिचं ऐकू येत होतं.

पुष्पा, अशी बघू नकोस माझ्याकडे. गंमत अजून पुढेच आहे. एके दिवशी मी सकाळी उठलो आणि दात घासता घासता म्हणालो, गट नंबर चारशे बारा, पूर्वेस ओढा. मला काय ठाऊक चारशे बारा? आणि त्याच दिवशी दुपारी हेमा आतून विचारते, “शंभर माणसांच्या आमटीला हळद किती लागते ते मला का ठाऊक आहे?” मी खो-खो हसलो. म्हटलं, आता तूच घे पुढची पंगत!

ती हसली नाही. म्हणाली, “अहो, आमच्या घराच्या परड्यात विहीर होती. तिच्या काठावर आई मला आणि पुष्पीला बसवून केस विंचरायची. मी ते आठवायला गेले आणि आईच्या जागी तुमची आई आली.”

“आक्काला आईचा चेहरा आठवेना?” पुष्पाने विचारलं.

आठवला, आठवला गं. थोड्या वेळाने आठवला. घाबरण्यासारखं काही नाही. बांध जरा खचला होता एवढंच. आणि म्हणूनच तर मी ठरवलं, आता पुरे. माणूस काय, डोकं काय, जिथलं तिथे बरं. गेलो समीनाकडे, टोपी मागून घेतली आणि घरी येऊन आडवा झालो. आज छत्तिसावा दिवस. त्यातले गेले सलग आठ दिवस मी पाठीवर पडून काढले. उजव्या कुशीवर नाही, डाव्या कुशीवर नाही. चमच्याला हात लावला नाही, उंबरा ओलांडला नाही. समीना येऊन पेज पाजायची. पहिल्या दिवशी हेमाची शाळा गेली, भीमराव, मला ती जाताना कळली. पाटी, दप्तर, पावसात वाहून गेलेली चप्पल, सगळं एकामागोमाग डोक्यातून उठून टोपीत गेलं. दुसऱ्या दिवशी आमचं लग्न गेलं. तिसऱ्या दिवसापासून शेतं. शेतंच शेतं, चार दिवस नुसती शेतं जात होती, किती मोजली होती बाईने! आणि शेवटच्या दिवशी ते पिठलं गेलं. जाताना म्हणाली, “येते हो. अधूनमधून डबा पाठवा.” काल दुपारी टोपीचा दिवा हिरवा झाला. उठून बसलो. डोकं असं हलकं, लग्न आटोपलेल्या मांडवासारखं. सतरंज्या गुंडाळलेल्या, आणि मी एकटा मधोमध.

अशी ही गोष्ट. आता हेमा या पेटीत आहे, सामाईक आखणीत, सगळीकडे चालेल अशी. उद्यापासून त्या यंत्रात बसून रानोमाळ हिंडेल, सकाळी जाईल ती दिवेलागणीला येईल. पूर्वीसारखीच. मी काय, मी आहे घरी. पण डिस्क आजच लावायला पाहिजे असंही नाही बरं का. समीना म्हणाली, लिहिलेलं जरा बसू द्यावं, महिना-पंधरा दिवस हलवू नये. म्हणून म्हणतो पुष्पा, आज मी ही परत घेऊन जातो, आणि मग सवडीने...

पुष्पाने डिस्ककडे हात केला नाही. ती उठली, यंत्राच्या पोटाचा उघडा कप्पा तिने बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

“दाजी, तुमच्या त्या आठ दिवसांत रविवार आला का?”

येणारच की गं. आठ दिवस म्हटल्यावर एक तरी येणारच.

“रविवारी याच अंगणात माझ्या नातीचं बारसं झालं. सकाळी सातपासून तुम्ही त्या कोपऱ्यात चुलवणापाशी उभे होतात. घुगऱ्या तुम्हीच शिजवल्यात, तुम्हीच वाटल्यात. भीमभाऊंनी तीनदा मागून घेतल्या.”

भीमराव माझ्याकडे बघेनात. “चारदा,” ते चहाच्या कपात बघून म्हणाले.

मी काहीतरी बोलणार होतो. बारसं त्याच्या आदल्या रविवारी होतं, असं म्हणता आलं असतं. टोपी घालूनच शिजवल्या, असंही म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही. पण पुष्पाने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, खिडकीच्या काचेला कपाळ लावून आत बघावं तशी माझ्या डोळ्यांत बघायला लागली आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“खोटं बोलताय तुम्ही, दाजी. ही पेटी कोरी आहे. आक्का, मी पुष्पी. अजून नऊ दिवस हातात आहेत आणि आठ लागतात. यांना मी आत्ताच निजवते, तू फक्त तग धर.”